धार आणि तडा

लोखंड कापावयाचे तर लोखंडाहून कठीण असे काही हाती असावे लागते. छिन्नी, कानस, लेथवरचे कापण्याचे हत्यार, नाणी पाडण्याचा ठसा, बादली ओतण्याचा साचा, ही सारी ज्या पोलादाची घडतात त्याला हत्यारी पोलाद म्हणतात. या पोलादाचा इतिहास म्हणजे धारेचा इतिहास, असे सामान्यतः मानले जाते. श्रोतेहो, ही अर्धीच गोष्ट झाली. उरलेली अर्धी गोष्ट तड्याची आहे, आणि आज ती आपणांस सांगावयाची आहे.

शुद्ध लोखंड मऊ असते. त्यात शंभर भागांस अर्धा ते दीड भाग कार्बन असला, की ते तापवून पाण्यात बुडविताच कठीण होते. आपले लोहार यालाच हत्याराला पाणी देणे म्हणतात. तापलेल्या पोलादात कार्बन विरघळलेला असतो. पोलाद सावकाश निवाले तर त्याला बाहेर पडण्यास अवकाश मिळतो. एकाएकी निवाले तर तो आतच अडकतो, लोखंडाच्या अणूंची रचना ताणली जाते आणि धातू कठीण होतो. हाच ताण मर्यादेबाहेर गेला, की हत्यार तडकते. म्हणून पाणी दिल्यावर ते पुन्हा बेताने तापवून थोडा ताण उतरवावा लागतो. ज्या गुणाने धार येते, त्याच गुणाने तडा जातो.

आजच्या तेलंगणातील निजामाबाद जिल्ह्यात कोनासमुद्रम नावाचे गाव आहे. तेथे मातीच्या मुशीत तयार होणारे पोलाद पूर्वी इराणपर्यंत जात असे. इंग्रज या जातीच्या पोलादाला वूट्झ म्हणत. अठराव्या शतकाच्या अखेरीस मुंबईहून डॉ. हेलेनस स्कॉट यांनी अशा पोलादाचे नमुने लंडनला सर जोसेफ बँक्स यांच्याकडे पाठविले. या पोलादात कार्बनाचे प्रमाण फार मोठे होते. युरोपातील लोहारांनी आपल्या सवयीप्रमाणे ते फार तापवून ठोकले, तेव्हा ते घणाखाली फुटले. त्याला मंद तांबड्या उष्णतेवरच हात लावावा लागतो. आपल्या कारागिरांपाशी उष्णतामापक नव्हता. रंग ओळखणारी नजर होती.

१८६८ साली इंग्लंडमध्ये रॉबर्ट मशेट यांनी टंगस्टन व मँगनीज घातलेले एक पोलाद सिद्ध केले. ते पाण्यात न बुडविता नुसत्या हवेत निवत ठेवले तरी कठीण होई. पाण्याचा धक्का टळला, तेव्हा तड्याचे भयही कमी झाले. शेफील्डच्या सॅम्युएल ऑस्बर्न यांच्या कारखान्यात ते तयार होऊ लागले. पण त्याची कृती मशेट यांनी कसोशीने गुप्त राखली.

पुढचे पाऊल अमेरिकेत पडले. हत्यार तापविताना लाल रंगाची ठराविक छटा ओलांडू नये, ओलांडल्यास पोलाद बिघडते, असा लोहारांचा नियम होता, आणि तो अनुभवाचा होता. १८९८ च्या सुमारास बेथलेहेम येथील पोलाद कारखान्यात फ्रेडरिक टेलर व मॉन्सेल व्हाइट यांनी अशा मिश्र पोलादाची हत्यारे पायरीपायरीने अधिकाधिक तापवून पाहिली. प्रारंभी नियम खराच ठरला. हत्यारे बिघडत गेली. तरीही ते थांबले नाहीत. पोलाद वितळण्याच्या जवळपास नेल्यावर तीच हत्यारे पूर्वीच्या कोणत्याही हत्याराहून सरस निघाली. १९०० च्या पॅरिस प्रदर्शनात लेथवरील हत्याराचे टोक लालबुंद झालेले असतानाही ते धातू कापीत असलेले पाहून यंत्रज्ञ चकित झाले. मात्र याच टेलर यांनी कारागिराच्या हातातील ज्ञान कागदावर उतरवून कचेरीत नेण्याचा आग्रह धरला, हेही विसरून चालणार नाही.

आता आपल्या काळाकडे येऊ. जर्मनीतील आखेन येथील फ्राउनहोफर संस्थेने १९९६ साली एका नव्या पद्धतीच्या पेटंटासाठी अर्ज केला. धातूच्या भुकटीचा केसाहूनही पातळ असा थर पसरावयाचा, लेसर किरणाने त्यातील हवा तेवढाच भाग वितळवावयाचा, वर दुसरा थर द्यावयाचा आणि असे हजारो थर देऊन वस्तू उभी करावयाची. साच्यांच्या धंद्याला याचा मोठा उपयोग दिसला. प्लास्टिकची वस्तू ओतताना बराचसा वेळ ती निवण्याची वाट पाहण्यात जातो. साच्यात पाणी खेळविण्याची भोके बरम्याने पाडावयाची तर ती सरळच जातात. थरांनी रचलेल्या साच्यात मात्र पाण्याची वाट वस्तूच्या वळणाबरोबर वळविता येते.

परंतु येथेही जुना वैरी उभाच होता. वितळलेला कण क्षणार्धात गोठतो. खालचा घट्ट धातू त्याची उष्णता शोषून घेतो. लोहार जे पाणी एकदा देई, ते येथे प्रत्येक थराला आपोआप मिळते. साच्यांसाठी विख्यात असलेल्या एच-१३ या पोलादात कार्बन सुमारे ०.४ टक्के असतो. तेवढ्यानेही वस्तू वाकते वा तडकते. त्यावर एक उपाय म्हणजे कार्बन जवळजवळ वगळणे. १९६० च्या सुमारास इंटरनॅशनल निकेल कंपनीने पुढे आणलेल्या पोलादात १८ टक्के निकेल असून कार्बन फार तर ०.०३ टक्के असतो. ते रचताना तडकत नाही, आणि मागाहून सुमारे ४९० अंश सेल्सियसवर काही तास ठेवले की कठीण होते. दुसरा उपाय लोहाराला सहज पटेल असा आहे: काम चालू असताना खालची पाटच काहीशे अंशांवर तापलेली ठेवावयाची, म्हणजे निवणे सावकाश होते. ही पद्धत अद्याप महाग व संथ आहे. साधे साचे आजही कापूनच करणे परवडते.

कोनासमुद्रमच्या भट्ट्या विझल्या तेव्हा कारागिरांच्या नजरेतील पुष्कळसे ज्ञान त्यांच्याबरोबर गेले. मशेट यांनी आपले ज्ञान कुलूपबंद ठेवले. टेलर यांनी ते लिहिले, पण कारागिराच्या हातून काढून घेतले. आज ते यंत्राच्या आज्ञावलीत आकड्यांच्या रूपाने भरलेले असते. जो तरुण कामगार केवळ कळ दाबावयास शिकेल, त्याला तडा दिसेल, परंतु त्याचे कारण कळणार नाही. पोलाद किती तापवावे आणि किती वेगाने निवू द्यावे, हा लोहाराचा प्रश्न यंत्राने सोडविलेला नाही. तो त्याने अधिक सूक्ष्म केला आहे. तो समजणारी माणसे कारखान्यात असावयास हवीत, आणि ती घडविणे हे शाळांचे काम आहे.