पिस्तुलाच्या गोळ्यांना लाल-निळा रंग कशासाठी देतात? घरी ओतलेल्या शिशाच्या गोळ्यांमागचं गणित

छोट्या टोस्टर ओव्हनचं दार उघडतं आणि आतल्या ट्रेमध्ये लालभडक, निळ्या, हिरव्या गोळ्या ओळीने उभ्या दिसतात. लांबून पाहणाऱ्याला त्या चॉकलेटच्या वाटाव्यात. प्रत्यक्षात त्या पिस्तुलाच्या असतात. अमेरिकेतल्या हौशी नेमबाजांचे असे व्हिडिओ सोशल मीडियावर फिरत असतात आणि खाली ठरलेला प्रश्न येतो: हा रंग शोभेसाठी असतो का?

तसं नाही. रंगाचं काम नळीच्या आत असतं.

आधी एक गोंधळ दूर करायला हवा. बोलताना आपण अख्ख्या काडतुसालाच गोळी म्हणतो. पण काडतुसात चार गोष्टी असतात: पितळी कवच, आतली दारू, मागच्या बाजूला ठिणगी देणारा प्रायमर आणि तोंडाशी घट्ट बसवलेला धातूचा तुकडा. नेम धरल्यावर पुढे जातो तो हा तुकडाच, आणि खरी गोळी तीच. अमेरिकेत स्वतःच्या वापरापुरती काडतुसं भरायला केंद्रीय परवाना लागत नाही, विकायची असतील तर लागतो. सराव करणाऱ्याला खूप काडतुसं लागतात, म्हणून पैसे वाचवण्यासाठी अनेक जण गोळ्याही घरीच ओततात.

शिसे ३२७ अंश सेल्सिअसला वितळतं, त्यामुळे ते साच्यात ओतणं सोपं. मात्र निव्वळ शिसे फार मऊ असल्याने त्यात कथील आणि अँटिमनी मिसळतात. कथिलामुळे रस साच्याच्या कोपऱ्यांपर्यंत नीट पोहोचतो, अँटिमनीमुळे गोळी कडक होते. पूर्वी गाड्यांच्या चाकांना लावायची शिशाची वजनं हा या मंडळींचा हक्काचा कच्चा माल होता. आता जस्ताची आणि पोलादाची वजनं वाढल्याने भंगार निवडत बसावं लागतं.

खरी अडचण पुढे येते. पिस्तुलाच्या नळीत पिळदार खाचा असतात. त्यांत रुतून गोळी स्वतःभोवती फिरते आणि म्हणून सरळ जाते. गोळी नळीपेक्षा किंचित लहान असावी, म्हणजे सहज सरकेल, असं कुणालाही वाटेल. शिशाच्या गोळीचं नेमकं उलटं आहे. ९ मिलिमीटर पिस्तुलाच्या नळीचा खाचेपासून खाचेपर्यंतचा व्यास साधारण ९.०२ मिलिमीटर असतो, आणि शिशाची गोळी ९.०४ ते ९.०७ च्या आसपास ठेवतात. हा फरक माणसाच्या एका केसाच्या जाडीइतकाही नाही. पण गोळी सैल राहिली तर मागचा तापलेला वायू फटीतून पुढे धावतो, तिच्या कडा वितळवतो, आणि ते शिसे नळीला चिकटतं. मग नेम बिघडतो आणि नळी खरवडत बसावं लागतं. फारच जाड थर साचला तर नळीतला दाब धोकादायक पातळीवर जाऊ शकतो. बहुकोनी नळी असलेल्या ग्लॉक पिस्तुलांत आवरण नसलेल्या शिशाच्या गोळ्या वापरू नयेत, असं सांगितलं जातं.

कारखान्यात यावर उपाय म्हणून गोळीला तांब्याचं आवरण देतात. घरी ते जमण्यासारखं नाही. म्हणून वर्षानुवर्षं गोळीच्या खाचांत मेणाचं वंगण भरत आले. ते चालतं, पण हात चिकट होतात, धूर होतो आणि यंत्रात काजळी साचते.

पावडर कोटिंग हा त्यावरचा तोडगा. आपल्याकडे अ‍ॅल्युमिनियमच्या खिडक्यांना आणि लोखंडी ग्रिलना जे करतात तेच हे. प्लास्टिकच्या डब्यात गोळ्या आणि पॉलिएस्टरची रंगीत पावडर घालून हलवलं की घर्षणाने स्थिर वीज तयार होते आणि पावडर गोळीला बिलगते. मग सुमारे २०० अंशांच्या उष्णतेत ती वितळून कडक, अखंड थर बनते. हे तापमान शिशाच्या वितळणबिंदूच्या बरंच खाली असल्याने गोळीचा आकार टिकतो. आता नळीला घासतो तो प्लास्टिकचा थर, शिसे नव्हे. लाल की निळा ही ज्याची त्याची आवड. थर पक्का झाला का हे पाहायला एखादी गोळी हातोडीने चेपतात. पापुद्रे सुटले तर भाजणं कमी पडलं.

या थराने व्यास वाढतो, साच्यातून निघालेल्या सगळ्या गोळ्याही तंतोतंत सारख्या नसतात. म्हणून शेवटी त्या ठरावीक मापाच्या पोलादी छिद्रातून दाबून काढतात. यालाच सायझिंग म्हणतात. कोटिंग झाल्यावर हे करायचं कारण उघड आहे: आधी माप साधून नंतर थर चढवला तर माप पुन्हा हुकणार. जाड गोळीचं काडतूस पिस्तुलात पूर्ण बसत नाही, आणि मधेच अडकलेलं काडतूस ही गमतीची गोष्ट नाही.

व्हिडिओंमध्ये सहसा न दिसणारी बाब म्हणजे विष. कोटिंगमुळे गोळी हाताळताना शिशाचा थेट स्पर्श टळतो, हे खरं. पण ओतताना वर येणारी राख, भंगाराची धूळ आणि न धुतलेले हात यांतून शिसे पोटात जातंच. अनेक प्रायमरमध्येही शिशाचं संयुग असतं, त्यावर कोटिंगचा काही इलाज नाही. कपड्यांवरची धूळ घरातल्या मुलांपर्यंत पोहोचते, आणि मुलांच्या वाढत्या मेंदूसाठी शिशाची सुरक्षित पातळी आजवर सापडलेली नाही. अमेरिकेच्या सीडीसीने २०२१ मध्ये मुलांच्या रक्तातल्या शिशाची दखल घेण्याची पातळी एका डेसिलिटरला ५ वरून ३.५ मायक्रोग्रॅमवर आणली. ज्या ओव्हनमध्ये गोळ्या भाजल्या, त्यात पुन्हा पाव भाजू नये हा तिथल्या जाणत्यांचा नियम त्यामुळेच.

भारतात हा छंद म्हणून करता येत नाही. १९५९ च्या शस्त्र कायद्यातल्या व्याख्येत दारूगोळ्याचे सुटे भाग आणि तो बनवायची यंत्रंही येतात, त्यामुळे नुसती गोळी ‘फक्त शिशाचा तुकडा’ ठरत नाही. कलम ५ नुसार परवान्याशिवाय दारूगोळा बनवायला मनाई आहे. पिस्तूल बाळगण्याचा परवाना हा गोळ्या बनवण्याचा परवाना नसतो. २०१९ च्या दुरुस्तीनंतर विनापरवाना निर्मितीला किमान ७ वर्षं ते जन्मठेपेपर्यंत शिक्षा होऊ शकते.