दोष बॅटरीचा की चार्जिंगचा? १८५९ पासूनची गोष्ट

जुळे सोलापुरातून मी पुन्हा एकदा तुमच्या कानाशी. आजचा भाग छोटा आहे, पण ज्यांच्या बागेत छोटा ट्रॅक्टर आहे त्यांनी शेवटपर्यंत ऐका.

सेल्फ मारला आणि ट्रॅक्टर नुसता 'टक्' करून गप्प बसला, की आपल्याकडं दोन वाक्यं ठरलेली असतात. पहिलं, 'बॅटरी गेली.' दुसरं, 'नवी टाका.' आता मला सांगा, फोन चार्जिंगला लावून टक्के वाढले नाहीत तर तुम्ही लगेच नवा फोन घेता का? नाही ना! आधी केबल हलवून बघता, मग अडॅप्टर बदलता, मग भिंतीतला पॉइंट तपासता. ट्रॅक्टरच्या वाट्याला मात्र एवढा धीर येत नाही.

आणि हा प्रश्न फक्त बॅटरीच्या पैशांचा नाही. नान्नजच्या नानासाहेब काळ्यांनी 'सोनाका' हे द्राक्षाचं वाण दिलं, त्या आपल्या जिल्ह्यात द्राक्षबागा गावोगाव आहेत. दोन ओळींमधून मोठा ट्रॅक्टर जात नाही, म्हणून छोटा घेतला जातो. ब्लोअर त्याच्यावरच चालतो. ऑक्टोबर छाटणीनंतर पाऊस पडला की डाऊनीची फवारणी वेळेत व्हावीच लागते. त्या सकाळी ट्रॅक्टर सुरू झाला नाही, तर वर्षभराचा खर्च पणाला लागतो. गेल्या हंगामात आमच्या काकांनी नवी बॅटरी टाकली आणि आठव्या दिवशी ट्रॅक्टर पुन्हा गप्प! असं का झालं, हे कळायला जरा मागं जावं लागेल.

१८५९ साली फ्रान्समध्ये गास्तों प्लांते यांनी शिशाचे दोन पत्रे गुंडाळून सौम्य गंधकाम्लात बुडवले. पुन्हा पुन्हा भरता येणारी पहिली बॅटरी ती हीच. ट्रॅक्टरमधली आजची बॅटरी तिचीच वारस आहे. पण गंमत बघा, ती भरायला प्लांतेंना दुसऱ्या बॅटऱ्याच वापराव्या लागायच्या! म्हणजे टाकी तयार होती, पण ती भरणारी मोटार नव्हती. सोलापूरकरांना टाकीचं गणित वेगळं शिकवायला नको. टाकी कितीही मोठी घेतली तरी पाणी आलंच नाही तर ती रिकामीच राहते.

ती मोटार आली १८६६ च्या अखेरीस. मायकेल फॅरडे यांनी १८३१ साली चुंबक आणि तारेतून वीज काढून दाखवली होती; त्याच तत्त्वावर जर्मनीत वेर्नर सीमेन्स यांनी कामाचा डायनॅमो उभा केला. पुढं चार्ल्स केटरिंग यांचा सेल्फ स्टार्टर १९१२ च्या कॅडिलॅक गाडीत बसला आणि हँडल मारायचे दिवस सरू लागले. सेल्फनं बॅटरीतून वीज खायची आणि इंजिन सुरू झाल्यावर ती परत भरायची, हा देण्याघेण्याचा व्यवहार तेव्हापासूनचा.

डायनॅमोची एक अडचण होती. इंजिन हळू फिरलं की बॅटरीतली वीज उलटी डायनॅमोकडं वाहायची. ती अडवायला 'कटआऊट' असायचा. १९६० साली क्रायस्लरनं व्हॅलियंट गाडीत अल्टरनेटर दिला, आणि कटआऊटचं काम सिलिकॉनच्या इवल्याशा डायोडकडं गेलं. जुनी मंडळी इंजिन चालू ठेवून बॅटरीची वायर काढायची आणि इंजिन बंद पडलं नाही तर म्हणायची, 'डायनॅमो बरोबर आहे.' डायनॅमोच्या काळात ही सवय खपून गेली. आज अजिबात करू नका! वायर काढताच व्होल्टेज उसळतं आणि डायोड जळू शकतो.

मग तपासायचं कसं? याच गोष्टीच्या क्रमानं. साधा मल्टीमीटर पुरतो.

आधी टाकी. ट्रॅक्टर रात्रभर बंद असताना बॅटरीवर साधारण १२.६ व्होल्ट दिसले तर ती भरलेली आहे. १२ च्या आसपास असेल तर जवळपास रिकामी. टर्मिनलवरची पांढरी-हिरवी बुरशी साफ करा.

मग मोटार. इंजिन बंद असतानाच पट्टा ढिला आहे का ते बघा. नंतर गिअर न्यूट्रल, पीटीओ बंद, हँडब्रेक ओढलेला, आणि इंजिन चालू करून थोडी रेस वाढवा. बॅटरीवर १३.८ ते १४.५ दिसायला हवेत. आकडा १२ च्या घरातच राहिला, तर चार्जिंग होत नाही.

मग पाइप. अल्टरनेटरच्या जाड वायरीच्या बोल्टवर मीटर लावा. तिथं १४ च्या वर आणि बॅटरीवर १२, म्हणजे वीज तयार होतेय पण वाटेत अडकतेय. काकांकडं नेमकं हेच निघालं! फवाऱ्याच्या औषधांनी त्या वायरीची लग नटाखाली गंजली होती. पॉलिश पेपर मारला, नट आवळला, काम झालं. जुनी बॅटरी मात्र तोपर्यंत दुकानात जमा झाली होती.

शेवटी झडप आणि नळ. दिवसा चार्ज होते पण रात्रीत उतरते, तर गळका डायोड असू शकतो. उलट, आकडा १५ च्या वर गेला तर रेग्युलेटर बिघडलाय. बॅटरीतलं पाणी सारखं कमी होतं, ती याचीच खूण. काही छोट्या ट्रॅक्टरांत अल्टरनेटरऐवजी चुंबकाचा स्टेटर असतो, त्याचे आकडे कंपनीच्या पुस्तकातच बघा. इथं आला की इलेक्ट्रिशियनला बोलवा, पण हातात आकडे लिहिलेला कागद ठेवून.

आणि हो, चार्ज होणाऱ्या बॅटरीतून हायड्रोजन निघतो. जवळ बिडी नको, ठिणगी नको.

होम मैदानावरच्या कृषी प्रदर्शनात आपण नव्या ट्रॅक्टरचा 'एचपी किती?' एवढंच विचारतो. यंदा आणखी एक प्रश्न विचारा: 'चार्जिंगचा आकडा किती यायला पाहिजे?' उत्तर आतल्या झाकणावर मार्करनं लिहून ठेवा. छाटणीच्या आधी एकदा मीटर लावा. दोन मिनिटं लागतात.

हा भाग गावाकडच्या भावाला, काकाला नक्की पाठवा. भेटू पुढच्या भागात!