वंशावळींत न लिहिलेलें दुखणें

पुणें-सोलापूर रस्त्यावरील आमच्या भांडगांवासारख्या गांवांत जुन्या घराण्यांना आपली वंशावळ तोंडपाठ असते. पूर्वीं वतनाचा कज्जा उभा राहिला म्हणजे कित्येक पिढ्यांचीं नांवें पुढें येत. परंतु तीं बहुधा पुरुषांचींच. आजी, पणजी, आत्या, मावशी कोणत्या दुखण्यानें गेल्या याची नोंद सहसा कोणी ठेविली नाहीं. छातींतली गांठ तर पदराआड झांकली जाई. आज जिला स्तनाचा कर्करोग असल्याचें कळतें आणि जिची आईहि त्याच रोगानें गेलेली असते, ती स्त्री विचारते, “हें माझ्या कपाळींच लिहिलें होतें काय? आणि माझ्या मुलींचें काय?” या प्रश्नाचा उलगडा कसकसा होत गेला, तें आज पाहूं.

१८६६ सालीं पॉल ब्रोका या फ्रेंच शस्त्रवैद्यानें आपल्या पत्नीच्या माहेरची वंशावळ प्रसिद्ध केली आणि या रोगानें गेलेल्या पिढ्यान्‌पिढ्यांच्या स्त्रिया तींत ओळीनें मांडल्या. रोग घराण्यांतून उतरूं शकतो हें असें कागदावर आलें. पण कोणत्या वाटेनें उतरतो हें कळावयास सव्वाशें वर्षें लागलीं. १९९० सालीं अमेरिकेंतील मेरी-क्लेअर किंग या विदुषीनें अशा अनेक कुटुंबांचा अभ्यास करून सतराव्या गुणसूत्रावरील एक जागा दाखविली. तेथील जनुक १९९४ सालीं, व त्याच्याच जोडीचें दुसरें १९९५ सालीं हातीं आलें. बी.आर.सी.ए. एक व दोन हीं तीं जनुकें होत.

पेशींतील बिघाड दुरुस्त करण्यास मदत करणें हें त्यांचें काम. त्यांतील दोष आईकडून येतो तसाच बापाकडूनहि येतो. दोघांपैकीं एकांत तो असल्यास प्रत्येक अपत्याला मिळण्याचा संभव निम्मा असतो. म्हणून आत्या व वडिलांची आई यांचें दुखणेंहि विचारांत घ्यावें लागतें. मात्र शंभर रुग्णांपैकीं सुमारें पांच ते दहा जणींतच रोग असा वंशागत असतो, आणि दोष मिळाला म्हणजे रोग होतोच असेंहि नाहीं.

माझ्या नात्यांतील एका बाईला या रोगाचें निदान झालें, तेव्हां डॉक्टरांनीं प्रथम घराण्याविषयींच विचारलें. कोणासच कांहीं ठाऊक नव्हतें. अखेर वृद्ध आत्येनें सांगितलें कीं, आपली आई छातीच्या गांठीनेंच गेली होती. त्यामुळें त्या बाईच्या रक्ताची तपासणी आधीं करून, दोष आढळल्यास मुलींची करावी, असा मार्ग ठरला.

अशा रुग्णांना आपल्या प्रांतांत आश्रय मिळाला तो २८ फेब्रुवारी १९४१ रोजीं, मुंबईंत परळ येथें टाटा मेमोरियल रुग्णालय उघडलें तेव्हां. याच रुग्णालयानें १९९८ पासून मुंबईच्या वस्त्यांतील सुमारें दीड लाख स्त्रियांचा अभ्यास केला. त्यांतील निम्म्या स्त्रियांची छाती शिकविलेल्या आरोग्यसेविका दर दोन वर्षांनीं हातानें तपाशीत. २०२१ सालीं निष्कर्ष प्रसिद्ध झाला: पन्नाशीपुढील स्त्रियांत या रोगाचे मृत्यु सुमारें तीस टक्क्यांनीं घटले. त्याहून लहान वयांत तसा लाभ दिसला नाहीं. वंशागत रोग तर पुष्कळदां तरुणपणींच येतो. म्हणून अशा घरांतील लेकींनीं पन्नाशीची वाट न पाहतां तज्ज्ञांस विचारावें.

श्रोतेहो, जमिनीसाठीं वंशावळी जपणारे आपण. त्याच वहींत घरांतील स्त्रियांचीं नांवें, त्यांचें दुखणें व तें जडलें तेव्हांचें वय लिहून ठेवावें. घरांतील म्हातारीं माणसें आहेत तोंवर तीं सांगूं शकतील. तीं आठवण घेऊन गेलीं, तर नातींनीं विचारावें कोणाला?