वाऱ्याचा तानपुरा

अमीर खाँसाहेबांची विलंबित लय ऐकत मोठ्या झालेल्या आम्हा इंदूरकरांना सॅक्सोफोन म्हणजे लग्नाचा बँड नाहीतर सिनेमातला क्लब, एवढंच ठाऊक. १९८७ मध्ये झाकीर हुसेन यांची 'मेकिंग म्युझिक' ही रेकॉर्ड आली. त्यात हरिप्रसादजींची बासरी, जॉन मॅकलॉफ्लिनची गिटार आणि नॉर्वेच्या यान गार्बारेकचा सॅक्सोफोन. मी ऐकायला बसलो बासरीसाठी, कान लागला सॅक्सोफोनकडे.

गार्बारेकचा जन्म १९४७चा. पोरवयात रेडिओवर जॉन कोल्ट्रेन ऐकून तो जॅझकडे वळला. पण त्याचं वेगळेपण दिसतं ते 'डिस'मध्ये. ही रेकॉर्ड डिसेंबर १९७६ मध्ये ऑस्लोत झाली. 'डिस' म्हणजे धुकं. नॉर्वेच्या किनाऱ्यावर एक वाऱ्याची वीणा होती. तिच्या तारा माणूस नाही, समुद्रावरचा वारा छेडायचा. तो नाद टेपवर घेतला आणि त्यावर गार्बारेक नि गिटारवाला राल्फ टाउनर वाजवले. पुढे गार्बारेकनं सिंथेसायझरही हाताशी घेतला.

हल्ली मनःशांतीच्या नावाखाली सुरांमागे पाऊस, पाखरं चिकटवतात. इथं तसं नाही. वारा कुणासाठी थांबत नाही, म्हणून वादकच थांबतो. एक स्वर लांबवतो, गप्प होतो, पुन्हा वाऱ्याचं ऐकतो. तानपुऱ्यापुढे बसलेला आपला गवई दुसरं काय करतो?

नातवंडांना म्हणूनच सांगतो, हे कामं करता करता मागे लावून ठेवायचं संगीत नव्हे. मोबाईल बाजूला ठेवा, बोलणं थांबवा, मग ऐका.