चायना कॅम्प स्टेट पार्कमधील सिंगलट्रॅक सायकल फेरी

चायना कॅम्प स्टेट पार्क हे अमेरिकेच्या कॅलिफोर्निया राज्यातील मरीन काउंटीत, सॅन राफेल शहरालगत असलेले राज्य उद्यान आहे. ते सॅन पाब्लो उपसागराच्या काठी वसले असून त्याचे क्षेत्रफळ सुमारे १,५०० एकर आहे. येथील अरुंद पायवाटांवर, म्हणजेच सिंगलट्रॅकवर, माउंटन बाइक चालवण्यास परवानगी आहे. ज्या काउंटीत माउंटन बाइक हा क्रीडाप्रकार आकाराला आला, तेथील बहुतेक अरुंद पायवाटा सायकलींना बंद राहिल्या. त्यामुळे या उद्यानातील फेरीला विशेष महत्त्व आहे.

संज्ञा
ज्या वाटेवरून एका वेळी एकच सायकल जाऊ शकते, तिला सिंगलट्रॅक म्हणतात. तिची रुंदी साधारणपणे अर्धा ते एक मीटर असते. वणवा विझवणाऱ्या गाड्यांसाठी डोंगरात काढलेले रुंद कच्चे रस्ते यापेक्षा वेगळे होत. तेथे दोन सायकली सहज शेजारून जातात. सिंगलट्रॅकवर मात्र समोरून कोणी आल्यास दोघांपैकी एकाला थांबावेच लागते. या खेळातील आनंद आणि वाद या दोन्हींचे मूळ या अरुंदपणात आहे.

पार्श्वभूमी
उद्यानाला हे नाव एकोणिसाव्या शतकात येथे असलेल्या चिनी कोळंबी-मच्छीमारांच्या वस्तीवरून मिळाले. १८८० च्या दशकात या वस्तीत सुमारे ५०० लोक राहत होते. त्यांतील बहुतेक जण चीनच्या कँटन परिसरातून आलेले होते. १९७० च्या दशकात ही जमीन राज्य उद्यान झाली.

याच दशकात मरीनमधील काही तरुण जाड टायरांच्या जुन्या सायकली घेऊन डोंगर उतरू लागले. २१ ऑक्टोबर १९७६ रोजी फेअरफॅक्स गावाजवळील उतारावर ‘रीपॅक’ ही शर्यत प्रथम झाली. उतरताना मागच्या चाकातील ब्रेक इतका तापे, की आतील ग्रीस जळून जाई आणि ते पुन्हा भरावे लागे. त्यावरून शर्यतीला हे नाव पडले. गॅरी फिशर, चार्ली केली आणि जो ब्रीझ हे या वर्तुळातील प्रमुख होत. पुढे सायकलींची संख्या वाढली, तसे पादचारी व घोडेस्वार यांच्याशी खटके उडू लागले. १९८० च्या दशकात माउंट टॅमलपेस परिसरातील अरुंद वाटांवर सायकलबंदी आली आणि रुंद रस्त्यांवर ताशी १५ मैलांची (सुमारे २४ किमी) वेगमर्यादा लागू झाली.

फेरीचा मार्ग
नेहमीची फेरी बॅक रँच मेडोज या तंबू-निवासाच्या जागेजवळून सुरू होते. बे व्ह्यू ट्रेल ही वाट नागमोडी वळणे घेत डोंगराच्या वरच्या अंगाला जाते आणि मग उतारावरून आडवी पुढे सरकते. झाडांमधून खाली उपसागर दिसतो. उतरल्यावर किनाऱ्यालगतच्या शोअरलाइन ट्रेलवरून परत येता येते. पूर्ण फेरी साधारण १५ किलोमीटरांची असून निवडलेल्या जोडवाटांनुसार हे अंतर बदलते.

वरच्या भागात ओक, बे लॉरेल आणि मड्रोन या वृक्षांची दाट सावली आहे. खाली भरतीच्या पाण्याने भिजणारे खाजण पसरले आहे. रिजवेज रेल हा पाणपक्षी व खाजणात राहणारा हार्वेस्ट माउस हा लहान उंदीर या दोन संकटग्रस्त प्रजातींना अशा खाजणांचा आधार आहे. वाटेच्या कडेला पॉयझन ओक ही अंगाला खाज आणणारी वनस्पती आढळते. गवतात गोचिडांचाही त्रास होतो.

वाटेची झीज
चांगली पायवाट दरीच्या बाजूला किंचित उतरती ठेवलेली असते, त्यामुळे पावसाचे पाणी वाटेवरून न वाहता आडवे निघून जाते. ओल्या मातीतून सायकली गेल्या, तर चाकांचे चर पडतात. पुढील पावसात पाणी त्या चरांतून धावते आणि माती वाहून नेते. मागचे चाक घसरवत ब्रेक लावल्यानेही असेच नुकसान होते. चिखल टाळण्यासाठी कडेने सायकल नेली, की वाट रुंदावते आणि शेजारची वनस्पती नष्ट होते. म्हणून मोठ्या पावसानंतर जमीन सुकेपर्यंत सायकल न नेणे, हा वाटेच्या देखभालीचाच भाग मानला जातो.

वाटेवरील शिष्टाचार
सायकलस्वाराने पादचारी व घोडेस्वार या दोघांनाही वाट द्यावी, तर पादचाऱ्याने घोडेस्वाराला द्यावी, असा सर्वमान्य संकेत आहे. दोन सायकलस्वार समोरासमोर आल्यास उतरणाऱ्याने थांबून चढणाऱ्याला जाऊ द्यावे. आंधळ्या वळणापूर्वी वेग कमी करून घंटी वाजवावी. घोडा दिसताच थांबून स्वाराशी बोलावे, कारण ओळखीच्या मानवी आवाजाने घोडा बुजत नाही. कॅलिफोर्नियातील सायकल मंडळांच्या पुढाकाराने १९८८ मध्ये इंटरनॅशनल माउंटन बायसिकलिंग असोसिएशन स्थापन झाली. तिच्या नियमांतही खुल्या वाटांवरच जाणे, मागे खुणा न ठेवणे आणि प्राण्यांना न घाबरवणे यांचा समावेश आहे.

बंद होण्याचे संकट
२०११ मध्ये आर्थिक टंचाईमुळे कॅलिफोर्निया शासनाने ७० राज्य उद्याने बंद करण्याचा निर्णय जाहीर केला. त्या यादीत चायना कॅम्पही होते. २०१२ मध्ये ‘फ्रेंड्स ऑफ चायना कॅम्प’ या ना-नफा संस्थेने शासनाशी करार करून उद्यानाचा कारभार हाती घेतला आणि ते खुले राहिले. शुल्क, देणग्या आणि स्वयंसेवकांचे श्रम यांवर हा कारभार चालतो. पायवाटांच्या दुरुस्तीत सायकलस्वारही सहभागी होतात. एकच अरुंद वाट पादचारी, घोडेस्वार व सायकलस्वार यांना वाटून घेता येते का, या मरीनमधील जुन्या वादात चायना कॅम्पचा अनुभव उदाहरण म्हणून महत्त्वाचा ठरतो.