टेलिफोनची तांबडी पेटी

इंग्लंडांतील खेड्याचें चित्र काढावयाचें म्हणजे मध्यें सार्वजनिक हिरवळ, कडेला चर्च आणि कोपऱ्यांत टेलिफोनची तांबडी पेटी, हा आतां ठरलेला थाट आहे. पण त्या घरांत ही पेटी सून म्हणून आली, आणि तीहि पुष्कळांच्या मनाविरुद्ध.

सर जाइल्स गिल्बर्ट स्कॉट या वास्तुविशारदानें १९२४ सालच्या स्पर्धेसाठीं तिचा मूळ नमुना केला. बाहेरून रुपेरी रंग द्यावा, ही त्याची सूचना टपालखात्यानें बाजूस सारली व तांबडा पसंत केला. ही पहिली पेटी मुख्यतः लंडनांतच राहिली. पुढें पंचम जॉर्ज बादशहाच्या रौप्यमहोत्सवानिमित्त १९३५ सालीं स्कॉटनेंच तिची लहान, सुटसुटीत आवृत्ति सिद्ध केली. आणि जेथें टपालकचेरी तेथें टेलिफोन, असें ठरल्यामुळें ती खेडोपाडीं पोंचली.

हिरवळीवर तो भडक रंग रसिकांना खुपला. कांहीं निसर्गरम्य स्थळीं करड्या रंगाची सवलत द्यावी लागली. तक्रार अगदींच पोकळ नव्हती. परंतु घरीं टेलिफोन नसतां अपरात्रीं ज्याला डॉक्टर हवा, त्याला त्या पेटींतील दिवा खुपला नसावा!

१९८० नंतर कंपनी त्या पेट्या काढूं लागली, तेव्हां गांवोगांवचे लोक त्या राखण्यासाठीं भांडले. पुष्कळ पेट्यांना संरक्षित वास्तूंचा दर्जा मिळाला. २००८ सालीं एका पौंडांत पेटी दत्तक देण्याची योजना निघाली. आतां कोठें तींत पुस्तकें आहेत, तर कोठें बंद पडूं पाहणाऱ्या हृदयास विजेचा झटका देणारें यंत्र. आणि तें घ्यावयास धांवणाऱ्याला तांबडा रंग दुरूनच दिसतो.