साडेत्रेसष्ट अंशांचा कोन

‘हरित इमारत’ हे शब्द हल्ली फार ऐकू येतात. गच्चीवरची झाडी आणि छपरावरच्या सौरपट्ट्या पाहिल्या की हा श्रीमंतांचा थाट आहे, स्वस्त घराला तो कोठून परवडणार, असे आपल्याला वाटते. परंतु गरिबाच्या खोलीला उजेड आणि वारा किती हवा, याचा हिशेब मुंबईत शंभराहून अधिक वर्षांपूर्वीच मांडला गेला होता. आज आम्ही त्याचीच हकीकत सांगणार आहो.

१८९६ च्या सप्टेंबरात मांडवीत डॉ. अकासिओ व्हिएगस यांनी प्लेगचा रोगी ओळखला. पुढे सरकारी माणसांनी ऊन आत यावे म्हणून घरांची कौले उतरवली. वास्तविक प्लेग पसरतो तो उंदरांवरील पिसवांमुळे, कोंदट हवेमुळे नव्हे. पण ते तेव्हा सर्वमान्य झालेले नव्हते. उपाय चुकीच्या रोगावर चालला होता. मात्र त्याच काळोख्या खोल्यांत क्षय मुक्कामाला होता, आणि त्याला हा उपाय अगदी लागू होता.

१८९८ मध्ये सिटी इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट स्थापन झाला. समुद्राचा वारा दाट वस्तीत शिरावा म्हणून त्याने प्रिन्सेस स्ट्रीट व सँडहर्स्ट रोड हे रुंद रस्ते काढले. अर्थात ज्यांची घरे पाडली त्यांतील पुष्कळजण शेजारच्या गल्लीत जाऊन तेथली दाटी वाढवते झाले, हेही सांगितले पाहिजे. ट्रस्टचे प्रमुख जे. पी. ऑर यांनी १९१२ साली मुंबईतील घरांच्या उजेडावाऱ्यावर व्याख्यानच दिले. त्यांचा आग्रह एका कोनाचा होता. खालच्या खोलीच्या भिंतीच्या पायथ्यापासून समोरच्या इमारतीच्या माथ्याला रेघ ओढावी. ती जमिनीशी ६३.५ अंशांहून अधिक उभी असू नये. म्हणजे साध्या भाषेत, समोरची इमारत जितकी उंच, त्याच्या निम्मे तरी अंगण मोकळे हवे. याला ना यंत्र लागते ना वीज. लागते ती जागा, आणि मुंबईत तीच सर्वांत महाग.

१९२० मध्ये गव्हर्नर सर जॉर्ज लॉईड यांच्या कारकिर्दीत विकासखाते निघाले, आणि वरळी, नायगाव, डिलाईल रोड व शिवडी येथे बी. डी. डी. च्या २०७ चाळी उभ्या राहिल्या. प्रत्येकीत ८० खोल्या, खोली सुमारे १६० चौरस फुटांची. चाळींमध्ये अंगणे प्रशस्त सोडली. पण मधोमध बोळ आणि दोन्ही बाजूंना खोल्या, अशी रचना केली. त्यामुळे वारा आरपार जायचा तर आपलेही दार उघडे हवे आणि समोरच्याचेही! चाळीच्या शेजारधर्माचे आपण इतके गोडवे गातो, त्यात या वाऱ्याचाही थोडा वाटा असावा असे आम्हाला वाटते.

१९९५ नंतर झोपडपट्टी पुनर्वसनाच्या इमारती आल्या. त्यांच्यासाठी मोकळ्या जागेचे नियम सैल केले गेले, आणि गोवंडीच्या नटवर पारेख कंपाउंडात दोन इमारतींमधील अंतर अवघे तीन मीटर राहिले. इमारतीची उंची एकवीस मीटर धरली, तर ऑरसाहेबांच्या कोनाने तेथे साडेदहा मीटर हवे होते. या व अशाच दोन वसाहतींची ‘डॉक्टर्स फॉर यू’ या संस्थेने केलेली पाहणी २०१८ मध्ये प्रसिद्ध झाली. उजेड व वारा कमी आणि क्षयरोग अधिक, असा संबंध तिला आढळला. खालच्या मजल्यांवर दिवसाही दिवा लागतो.